घरातला हजारपट अंधार

वाढदिवसाचे फोटो बघायला सगळे एकत्र बसले की एक प्रश्न हमखास निघतो. सकाळी बागेत काढलेला मुलाचा फोटो सुरेख आला, आणि त्याच मोबाइलने संध्याकाळी केक कापताना काढलेला मात्र हललेला, शिवाय सगळीकडे रवाळ कण. हॉलमध्ये ट्यूबलाइट चालू होता, लख्ख उजेड होता. मग बिघडलं कुठे?

मोबाइलही ठीक होता आणि काढणाऱ्याचा हातही. गफलत आहे ती ‘लख्ख उजेड’ या समजुतीत.

१. डोळ्यांची साक्ष

उजेड मोजायचं एकक म्हणजे लक्स. भर दुपारी उन्हातल्या मैदानावर सुमारे एक लाख लक्स उजेड पडतो. रात्री ट्यूबलाइटच्या उजेडातल्या साध्या दिवाणखान्यात तो शंभर लक्सच्या आसपास असतो. म्हणजे आपण जिला लख्ख म्हणतो ती खोली मैदानाच्या मानाने हजारपट अंधारी असते.

हे आपल्याला जाणवत नाही, कारण डोळे आणि मेंदू मिळून सतत जुळवून घेत असतात. उन्हातून घरात आलं की क्षणभर काही दिसत नाही. जरा वेळाने सगळं नेहमीसारखं दिसू लागतं आणि उजेड कमी झाला होता हेही आपण विसरतो. कॅमेऱ्याला असं विसरता येत नाही. फोटो नीट उजळ यायचा तर त्याच्या सेन्सरवर ठरावीक प्रकाश पोचावाच लागतो. या प्रकाशाच्या मापाला एक्स्पोजर म्हणतात. प्रकाश कमी पडला तर ती तूट कुठून तरी भरून काढावी लागते, आणि प्रत्येक ठिकाणी तिची वेगळी किंमत मोजावी लागते. कॅमेऱ्यावरची मुख्य सेटिंग्ज म्हणजे ही किंमत कुठे मोजायची, ते ठरवण्याची बटणं.

२. स्टॉप : दुपटीचा हिशेब

फोटोग्राफर आपसात लक्समध्ये बोलत नाहीत. ते ‘स्टॉप’ म्हणतात. एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट, एक स्टॉप उतरवला की निम्मा. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. असं दहा वेळा दुप्पट करत गेलं की १,०२४ पट होतं. म्हणजे दुपारचं मैदान आणि रात्रीचा दिवाणखाना यांच्यात दहा स्टॉपचं अंतर आहे. ही दहा स्टॉपची तूट लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब तिचाच आहे.

हिशेब सुरू करायला उन्हातला एक आकडा लागेल. फिल्मच्या काळातले फोटोग्राफर उजेड मोजणारं मीटर जवळ नसलं तरी ‘सनी सिक्स्टीन’ या नियमावर काम भागवत. कडक ऊन असेल तर ॲपर्चर एफ/१६ ठेवायचं आणि शटर स्पीड आयएसओच्या आकड्याजवळचा. आयएसओ १०० असेल तर शटर १/१२५ सेकंद. आता ॲपर्चर, शटर आणि आयएसओ ही तीन काय प्रकरणं आहेत, ते एकेक करून पाहू.

३. ॲपर्चर : भोक किती मोठं

लेन्सच्या आत पातळ पात्यांनी बनलेलं, लहानमोठं करता येणारं भोक असतं. ते म्हणजे ॲपर्चर. नवख्या माणसाला इथे पहिली अडचण येते : एफ/२ चं भोक मोठं आणि एफ/१६ चं लहान, हे कसं? उत्तर भागाकारात आहे. लेन्सवर मिलिमीटरमध्ये जी फोकल लेंग्थ लिहिलेली असते, तिला या आकड्याने भागायचं, की भोकाचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२ वर २५ मिलिमीटरचं भोक, आणि एफ/१६ वर जेमतेम ३ मिलिमीटरचं.

या आकड्यांची ओळ १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ अशी विचित्र दिसते. व्यास १.४ पट केला की भोकाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं, म्हणून ही ओळ १.४ च्या पटीने चालते. या ओळीत डावीकडे एक घर सरकलं की प्रकाश एक स्टॉप वाढतो.

मोठ्या भोकाची किंमत म्हणजे उथळ फोकस. समोरचं माणूस दोन मीटरवर आहे आणि फुल-फ्रेम कॅमेऱ्याला, म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो त्याला, ५० मिलिमीटरची लेन्स लावली आहे असं समजा. एफ/१६ वर माणसाच्या पुढचा-मागचा मिळून सुमारे पावणेदोन मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. एफ/२.८ वर हाच पट्टा फूटभरही उरत नाही. एकट्या माणसाचा फोटो असेल तर ही किंमत बक्षिसासारखी असते : मागचं कपाट, वायरी, वाळत घातलेले कपडे, सगळं धूसर होऊन जातं. पण लग्नात दोन ओळींत उभ्या केलेल्या नातेवाइकांचा एफ/२.८ वर फोटो काढला, तर पुढची ओळ स्पष्ट येते आणि मागच्या ओळीतल्या मामा-काकांचे चेहरे पुसट होतात. तिथे एफ/८ च बरं.

४. शटर : दार किती वेळ उघडं

शटर उघडं असेपर्यंत प्रकाश सेन्सरवर पडत राहतो. १/६० सेकंदात १/१२५ च्या दुप्पट प्रकाश येतो. म्हणजे एक स्टॉप जास्त. किंमत उघड आहे : तेवढ्या वेळात जे हललं, ते हललेलंच उमटतं.

१८३८ मध्ये लुई दागेर यांनी पॅरिसच्या बुलेव्हार्द द्यु ताँप्ल या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. रस्ता वर्दळीचा, तरी चित्रात एकही गाडी नाही. काही मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये येणारी-जाणारी माणसं आणि घोडागाड्या एका जागी थांबल्याच नाहीत, त्यामुळे त्यांची खूणही उरली नाही. कोपऱ्यावर बूट पॉलिश करून घेणारा एक माणूस एका जागी उभा होता, तेवढा दिसतो. माणूस टिपलेल्या अगदी सुरुवातीच्या छायाचित्रांत त्याची गणना होते.

आता घरातलं गणित मांडू. टाळी वाजवताना मुलाचा हात सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने सरकतो असं धरा. १/३० सेकंदात तो साडेसहा सेंटिमीटर पुढे जातो. फोटोत हाताऐवजी फराटा येतो. १/५०० सेकंदात तो सरकतो चार मिलिमीटर, आणि मग बोटं मोजता येतात. वारीच्या रिंगणात धावणारा अश्व टिपायचा तर १/१००० लागतं.

समोरचं काही हलत नसलं तरी आपला हात हलतोच. त्यासाठी एक जुना अंदाज आहे : फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या लेन्सची फोकल लेंग्थ जितकी, सेकंदाचा तितकावा भाग हाच हातात धरून काढायच्या फोटोचा सर्वांत संथ वेग. ५० मिलिमीटरला १/५०, आणि २०० मिलिमीटरला १/२००. हल्लीच्या लेन्स आणि मोबाइल हाताचा कंप बराच सावरून घेतात, त्यामुळे याहून संथ वेगही चालतो. समोरच्या मुलाचं हलणं मात्र कुठलीच यंत्रणा थांबवू शकत नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि आत उजेड कमी. तरी चित्रांचे फोटो निघू शकतात, कारण भिंत जागची हलत नाही. श्वास रोखून, कोपर बरगडीला टेकवून शटर संथ ठेवायचं.

५. आयएसओ : उसनी ताकद

तिसरं बटण फसवं आहे. आयएसओ १०० वरून २०० केलं की फोटो एक स्टॉप उजळ होतो, पण कॅमेऱ्यात येणारा प्रकाश जिथल्या तिथेच राहतो. सेन्सरला जेवढं मिळालं तेवढंच वाढवून दाखवलं जातं. फोटोवरचे कण आयएसओनेच पैदा केले, असं अनेकांना वाटतं. कण खरं तर मुळातल्या प्रकाशाच्या टंचाईतून येतात.

पावसाची पहिली सर आठवा. अंगणातल्या शहाबादी फरशांवर सुरुवातीला मोजके थेंब पडतात : एका फरशीवर पाच, शेजारच्या फरशीवर दोन, तिसरी कोरडी. पाऊस सगळीकडे सारखाच आहे, तरी अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. सर जमून आली की प्रत्येक फरशीवर हजारो थेंब पडतात, पाच-दहांचा फरक कळेनासा होतो आणि अंगण एकसारखं ओलं दिसतं. प्रकाशही असाच सुट्या कणांनी येतो आणि सेन्सरवरचे लाखो ठिपके त्याच्यासाठी पसरलेल्या फरशा आहेत. उजेड कमी असला की शेजारशेजारच्या ठिपक्यांना कमीजास्त कण मिळतात. आयएसओ वाढवला की तो फरकही उजळून समोर येतो. यालाच नॉइज म्हणतात.

मोबाइलची पंचाईत इथेच होते. त्याच्या मुख्य लेन्सवर एफ/१.८ लिहिलेलं असतं आणि ऐकायला ते भरघोस वाटतं. पण त्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ सहा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे भोक साधारण सव्वातीन मिलिमीटरचं. तेवढंच दृश्य टिपायला फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २६ मिलिमीटरची लेन्स लावली, तर तिचं भोक एफ/२.८ वरसुद्धा नऊ मिलिमीटरहून मोठं असतं. त्यातून तेवढ्याच वेळात जवळपास आठपट प्रकाश आत येतो. म्हणून मोबाइलवर कण लवकर दिसू लागतात.

६. केकच्या फोटोचा हिशेब

आता दहा स्टॉपची तूट भरून काढू. आधी साधा कॅमेरा घ्या. उन्हात आपण एफ/१६, १/१२५, आयएसओ १०० वर होतो. घरात ॲपर्चर एफ/१६ वरून एफ/२.८ केलं : पाच स्टॉप मिळाले. शटर १/१२५ वरून १/६० वर आणलं : एक स्टॉप. उरलेले चार आयएसओने, १०० वरून १६००. झाले दहा. फोटो उजळ येईल. मात्र फोकस उथळ, हालचाल जेमतेम थांबलेली आणि थोडे कण, अशा तिन्ही किमती थोड्याथोड्या मोजाव्या लागतील.

मोबाइलवर बहुधा ॲपर्चर बदलता येत नाही, त्यामुळे दोनच वाटा उरतात. एफ/१.८ आणि आयएसओ १०० धरले तर भर उन्हात त्याचं शटर १/८००० च्या आसपास चालतं. म्हणून बागेत पळणारं मूलही स्पष्ट येतं. घरात दहा स्टॉप भरायचे तर तो आठ स्टॉप शटरमधून काढतो आणि १/३० वर येतो, बाकीचे दोन आयएसओमधून घेऊन ४०० वर जातो. १/३० ला टाळीचा हात किती सरकतो ते आपण पाहिलंच. प्रो मोडमध्ये जाऊन शटर बळेच १/२५० वर नेलं तर हात थांबेल, पण तीन स्टॉप आणखी हवेत म्हणून आयएसओ ३२०० होईल आणि गालावर कण येतील. नाइट मोड एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेतो आणि त्या एकमेकींवर बसवून कण कमी करतो. देवघरातल्या समईचा फोटो त्यात छान येतो. मेणबत्ती फुंकणाऱ्या मुलाचा येईलच असं नाही.

यावरून कुठलाही बिघडलेला फोटो वाचता येतो. हललेला असेल तर तुटीची किंमत शटरने मोजली, कणीदार असेल तर ती आयएसओवर पडली, आणि नाक स्पष्ट पण कान धूसर असेल तर ॲपर्चरने.

७. पांढरे मोदक करडे का येतात?

ऑटो मोडमध्ये हा हिशेब कॅमेराच करतो. त्यासाठी तो समोरून परतून येणारा उजेड मोजतो, पण समोर काय आहे ते त्याच्या मीटरला कळत नाही. म्हणून पारंपरिक मीटर असं धरून चालतं, की समोरचं दृश्य सरासरी मध्यम करडं आहे आणि पडलेल्या प्रकाशापैकी साधारण १८ टक्के परत पाठवतं.

पांढऱ्या ताटात उकडीचे मोदक मांडून जवळून फोटो घ्या. मीटरला वाटतं उजेड फार झाला, ते प्रकाश उतरवतं, आणि मोदक शिळे वाटावेत इतके करडे येतात. काळ्या पाषाणाच्या मूर्तीच्या बाबतीत उलटं होतं : मीटर प्रकाश चढवतं, काळा दगड राखाडी होतो आणि कपाळावरचं गंध पार पांढरं पडतं. नव्या मोबाइलमधली प्रणाली चेहरे आणि पदार्थ ओळखून यातलं बरंच सावरते, तरी अशा टोकाच्या दृश्यांत ती चकतेच.

उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन असतं. मोदकांसाठी अधिक एक, पाषाणासाठी उणे एक. बहुतेक मोबाइलवर विषयावर बोट टेकवून शेजारची सूर्याची खूण वर-खाली सरकवली की तेच काम होतं. लक्षात ठेवायचं ते असं : पांढऱ्याला वर, काळ्याला खाली. शंका आली तर जरा काळपट फोटो बरा. सावलीतला तपशील नंतर थोडाफार उजळता येतो, पण पार जळालेल्या पांढऱ्यातून काहीच परत मिळत नाही.

८. उजेडाचा आकार आणि अंतर

इथवर आपण तूट वाटून घेतली. ती मुळातच कमी करायची तर बटणं सोडून उजेडाकडे बघावं लागतं.

जुन्या बाजारपेठेत शिंप्याचं मशीन कुठे असतं ते पाहा : अगदी दुकानाच्या दाराशी. सुईत दोरा ओवायला त्याला रस्त्याकडून येणारा उजेड लागतो. त्याचा फोटो दुकानाच्या आतून, दाराकडे तोंड करून काढला तर मागे रस्ता पांढराफटक आणि शिंपी काळा ठिपका. रस्त्यावरून सरळ समोर उभं राहून काढला तर सगळं दिसेल, पण चेहरा सपाट वाटेल. दाराच्या एका बाजूला, भिंतीलगत उभे राहा. उजेड आता त्याच्या एका गालावर पडतो, नाकापलीकडे हळूहळू विरतो, कपाळावरच्या आठ्या आणि गळ्यातल्या टेपचे आकडे उठून दिसतात. माणूस तोच आणि दारही तेच. आपण फक्त दोन पावलं सरकलो.

दाराचा उजेड मऊ का? कारण शिंप्याच्या मानाने दार मोठं आहे आणि प्रकाश बऱ्याच दिशांनी चेहऱ्यावर येतो. उघडा बल्ब लहान असतो, म्हणून त्याची सावली धारदार पडते. सूर्य अवाढव्य असला तरी इतका दूर आहे की आपल्यासाठी तो आकाशातला लहानसा गोल. म्हणून दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. ढग आले की सारं आभाळच दिवा होतं आणि सावल्या विरघळतात.

छायालेखक सुब्रत मित्र यांनी हेच तत्त्व सत्यजित राय यांच्या १९५६ च्या ‘अपराजितो’ या चित्रपटासाठी कामाला लावलं. बनारसच्या घराचा चौक स्टुडिओत उभारला होता. वरून उघड्या चौकात आभाळाचा जो मऊ, बिनसावलीचा उजेड उतरतो, तो थेट रोखलेल्या दिव्यांनी येईना. त्यांनी सेटवर पांढरं कापड ताणून दिव्यांचा प्रकाश त्यावरून परतवला. लहान दिव्यांचं एक मोठं आभाळ झालं. घरी हेच काम पांढरी चादर किंवा थर्माकोलची पाटी करते : खिडकीच्या समोरच्या बाजूला धरली की चेहऱ्याची अंधारी बाजू उजळते.

अंतराचा हिशेबही पक्का आहे. लहान दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, म्हणजे दोन स्टॉप गेले. हॉलमध्ये फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत पहिली रांग भुतासारखी पांढरी आणि मागची अंधारात का, ते यात आहे. पहिली रांग दीड मीटरवर, शेवटची सहा मीटरवर. अंतर चौपट, उजेड सोळावा भाग. चार स्टॉपचा हा फरक कुठलंच सेटिंग मिटवणार नाही. फ्लॅश बंद करून लोकांना उजेडाजवळ आणणं हाच मार्ग.

दिवसा मोठ्या खिडकीजवळ हजार-दीड हजार लक्स उजेड सहज मिळतो. रात्रीच्या ट्यूबलाइटच्या दहा-पंधरापट. हे झाले जवळपास चार स्टॉप. १/३० वर अडकलेला मोबाइल तिथे तेवढ्याच आयएसओवर १/५०० च्या जवळ पोचतो. किंमत काहीच नाही. केक दुपारी चार वाजता खिडकीजवळ कापला तर फोटो सुधारायला दुसरं काही करावं लागणार नाही.

९. उजेडाचा रंग

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये सांगतात. पिवळसर बल्ब २७०० च्या आसपास, दुपारचं ऊन ५५००, निळ्या आभाळाखालची सावली ७००० च्या पुढे. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. पांढरा सदरा प्रत्येक उजेडात पांढरा दिसावा म्हणून कॅमेरा रंग सावरतो. हेच व्हाइट बॅलन्स. एकाच प्रकारचा उजेड असेल तर ते त्याला जमतं. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा एकाच चेहऱ्यावर पडले तर एक गाल सुधारताना दुसरा बिघडतो. तेव्हा खिडकीशी फोटो काढताना घरातले दिवे बंद करा. उजेड किंचित कमी होईल, पण रंग स्वच्छ येतील.

१०. घरचा अभ्यास

घरातल्या कुणाला तरी दहा मिनिटं गप्पा मारत बसवा आणि दिवसा चार फोटो काढा : खिडकीकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून, खिडकीला काटकोनात, आणि काटकोनातच पण पलीकडून पांढरी चादर धरून. पाचवा फोटो त्याच जागी रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात. सेटिंग्ज ऑटोवरच राहू द्या. मग प्रत्येक फोटोचा तपशील उघडा. तिथे शटर आणि आयएसओचे आकडे असतात. ते एका कागदावर एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक दोन फोटोंमध्ये किती स्टॉपचा फरक पडला ते दुपटीच्या हिशेबाने काढा. हाच प्रयोग स्वयंपाकघराच्या खिडकीशी, जिन्यात आणि गॅलरीत करा. आपल्या घरात कुठल्या कोपऱ्यात, किती वाजता, किती स्टॉप उजेड मिळतो याचा तक्ता तयार होईल. पुढच्या समारंभाला खुर्च्या कुठे मांडायच्या, ते त्या तक्त्यावरून ठरवा.